ब्याऐंशी किलो

सातारा रस्त्यावरच्या दुकानात
पोरगा विचारतो, "वापरणार कोण?"
मी हिच्याकडे बघतो. ही पंख्याकडे.
"वजन किती, काकू?"
पर्सची चेन उघडून, परत लावून
ही म्हणते, "लिहा सत्तर."

एकतीस वर्षं मी पिंपरीत
इन्स्पेक्शनच्या टेबलावर काढली.
दोन शतांश मिलिमीटर जास्त भरले
म्हणून अख्खा लॉट परत पाठवलाय,
सुपरवायझर हात जोडून उभा असताना.
सत्तरला मात्र काही बोललो नाही.
पुढे झालो, पहिल्या सायकलचं हँडल धरलं,
हलवलं.
खुळखुळलं.
"ही नको."

दुसरीला पडदा, घरच्या टीव्हीएवढा,
त्यात कुठल्यातरी बर्फातला रस्ता.
पाय पोकळ नळीचे, वेल्डिंगवर रंगाचा थर,
टिचकी मारली तर
गोडेतेलाच्या रिकाम्या डब्याचा आवाज.
तिसरीचं चाक प्लास्टिकच्या झाकणाआड.
"उघडून दाखव."
"काका, असं कुणी बघत नाही."
"म्हणूनच."

त्याचं नाव तन्वीर. गुणी निघाला,
गोदामातून पाना घेऊन आला.
आत आठ किलोचं बिडाचं चाक.
हाताने एक गिरकी दिली आणि थांबायची वाट पाहिली;
तेवढ्यात हिने दोनदा घड्याळ बघितलं.
साखळी नाही, पट्टा. बरंच झालं.
साखळी बोलते,
आणि आमच्या खाली राहतात खासगीवाले,
ज्यांना वर वाटी पडली तरी
आमटीची की दह्याची ते कळतं.

"पेलते किती?"
"एकशे दहा लिहिलंय."
लिहिलंय म्हणून मी कधी सही केली नाही.
मी चढून बसलो,
तन्वीरला म्हटलं, तूही भार टाक मागून.
दोघं मिळून सव्वाशेच्या घरात.
तिने हूं की चूं केलं नाही.

"आता तू."
ही जागची हलेना.
मला वाटलं, वजनाचं मनात आहे.
तसं नव्हतं. मी विसरलोच होतो,
हिला सायकल येत नाही.
तिघा भावांत मिळून एक होती घरात,
सदाशिव पेठेतल्या त्या बोळात
भिंतीला टेकवलेली,
तिची धूळ पुसायचं काम हिचं.
लग्नानंतर मी एकदा म्हटलं होतं, शिकवतो,
पर्वतीच्या बाजूला सकाळी कुणी नसतं.
कुणीतरी असतंच, म्हणाली,
आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेली.

"पडणार नाही ना?"
इतक्या हळू विचारलं
की तन्वीरला ऐकू गेलं नसावं.
अडतीस किलोचं लोखंड, फरशीवर, चार रबरी पायांवर.
मी मागून सीट धरली.
गरज नव्हती. तपासून झालं होतं सगळं.
तरी धरली.

आता ती हॉलमध्ये आहे, धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर,
खाली जाड रबराची चटई, खासगीवाल्यांसाठी.
रोज सुरू करताना यंत्र वजन विचारतं.
आकडा सत्तरवर असतो,
आणि एकेक किलो वाढवायला
एकेक वेळा बटण दाबावं लागतं.
टिक. टिक. टिक.
मी पेपरामागे मोजतो. बारा.
मग पंख्याकडे बघतो.

पहिल्या आठवड्यात पद्मावतीपर्यंत गेली.
काल मधेच पाय थांबले.
"काय झालं? गुडघा?"
"स्वारगेटचा सिग्नल आहे," म्हणाली.
घाम पुसला, पाणी प्यायली,
खाली उतरली नाही.
"चहा टाकू?"
"आत्ता नको.
बोळ आला की सांगते."